भूक नसताना हात डब्याकडे का जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, चिंचवडला राहता, गेली काही वर्षं ऑफिसचं काम घरूनच. दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री सगळे झोपल्यावर, भूक नसतानाही डबे उघडले जातात. चिवडा, शेव, खारी, मुलांची बिस्किटं, काहीच नसेल तर गूळ-शेंगदाणे. घरात किंवा ऑफिसात काही वाजलं की त्या दिवशी जास्तच. १२०० कॅलरीचं डाएट अनेकदा केलं; दोन-तीन आठवडे नीट जातात, मग आधीपेक्षा जास्त खाल्लं जातं. "माझ्यात इच्छाशक्तीच कमी आहे का?" असं तुम्ही विचारता. आणि शेवटी, बारा वर्षांची मुलगीही अभ्यास करताना सारखं काहीतरी तोंडात टाकते, तिला कसं थांबवायचं?

इच्छाशक्तीचं आधी बोलू. ऑफिस, घर, दोन मुलं आणि सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळून जी बाई तीन-तीन आठवडे अर्धपोटी राहू शकते, तिच्याकडे इच्छाशक्ती भरपूर आहे. ती भलत्या ठिकाणी खर्ची पडते आहे. माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी हाच प्रश्न घेऊन येतात, आणि मी प्रत्येकीला पहिल्यांदा एकच विचारते: चार वाजेपर्यंत पोटात काय गेलं?

तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत. सकाळी सातला चहा आणि दोन मारी बिस्किटं. नऊला मुलांचे डबे भरून झाल्यावर कढईत उरलेले चमचाभर पोहे. दीड वाजता दोन मीटिंगच्या मध्ये एक पोळी, भाजी आणि काकडी. भात बंद, आणि वरण भाताबरोबरच खातो म्हणून तेही बंद. तीनला पुन्हा चहा. हे वाचल्यावर चारची तुमची इच्छा 'भूक नसतानाची' आहे यावर माझा विश्वास बसत नाही. भूक दर वेळी पोटात कावळे ओरडूनच येते असं नाही. डोकं जड होणं, जांभया, उगाच चिडचिड, समोरचं वाक्य दोनदा वाचूनही न कळणं, काहीतरी गोड किंवा चटपटीत हवंसं वाटणं, हीसुद्धा भुकेचीच रूपं आहेत. वर चहाने ती तासभर दडपली जाते आणि मग एकदम उसळते.

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक अभ्यास केला. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. सैन्यात जायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे तरुण स्वतःहून पुढे आले होते. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी दिल्या. काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं वाचायची, कृती उतरवून घ्यायच्या, समोरचा घास तासन् तास चघळत बसायचं. चिडचिड आणि उदासी वाढली. आणि अन्न पुन्हा मोकळं झालं तेव्हा त्यातले कित्येक जण पोट फुटेस्तोवर खात होते आणि तरी तृप्ती नव्हती. ते पुरुष होते, आठवड्याला ३५ किलोमीटर चालत होते, त्यांची गरज तुमच्याहून मोठी होती. तेव्हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका. पण तुमच्या डाएटनंतर जे होतं ते त्यांनाही झालं होतं, आणि ते स्वभावाने हावरट नव्हते. उपाशी ठेवलेला मेंदू अन्न शोधतोच.

म्हणून पहिले दोन आठवडे चिवड्याच्या डब्याकडे लक्षही देऊ नका. खायचं तर खा. त्याऐवजी दिवसाचं जेवण नीट करा. सकाळी उठल्यापासून दीड-दोन तासांत बसून नाश्ता: ताटलीभर पोहे-उपमा, पण सोबत दोन अंडी किंवा वाटीभर मोडाची उसळ किंवा पेलाभर दूध. नुसत्या पोह्यांत प्रथिनं फार थोडी असतात. आपल्याकडे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. म्हणजे ६० किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम, पेलाभर दुधातून सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सातेक मिळतात. तुमच्या यादीची बेरीज यापासून बरीच लांब आहे. दुपारी दोन पोळ्या किंवा भाकरी, भाजी, आणि वरण किंवा आमटी, किंवा मग घट्ट दही. भात आवडत असेल तर वाटीभर भात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि चारचं खाणं चोरून न करता ठरवून करा. साडेतीन-चारला ताटलीत काढून, खुर्चीवर बसून, लॅपटॉप मिटून: फुटाणे-शेंगदाणे आणि एखादं फळ, मुगाची उसळ, छोटं थालीपीठ आणि दही, उकडलेलं अंडं, काहीही चालेल. ज्या खाण्याला घरात जागा आणि वेळ असते ते चोरटं राहत नाही, आणि चोरटं खाणंच हाताबाहेर जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. अनेकींची चारची तडफड एवढ्यानेच निम्मी होते. तुमची किती होते ते बघा. जे उरेल ते कंटाळ्याचं आणि मनाचं, आणि मग त्याच्याशी बोलता येईल.

ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी सांगते. स्वतःला विचारा, आत्ता समोर गरम वरण-भात किंवा भाजी-भाकरी आली तर खाईन का? 'हो' असेल तर भूक आहे, सरळ जेवा. 'नाही, पण चिवडा खाईन' असं उत्तर आलं, तर शरीराला अन्न नकोय, काहीतरी घडायला हवंय. ही कसोटी शंभर टक्के खरी ठरत नाही, पण बहुतेक वेळा कामाला येते.

कंटाळा आपण समजतो तेवढा किरकोळ नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात हॅवरमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तासभर एकच लहानशी चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली, शेजारी चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या. रंजक माहितीपट पाहिला तेव्हाच्या मानाने त्यांनी जास्त गोळ्या खाल्ल्या. इथवर नवल नाही. पण दुसऱ्या प्रयोगात चॉकलेटच्या जागी सौम्य विजेचा झटका घ्यायची सोय ठेवली, तर कंटाळलेल्या लोकांनी स्वतःला झटकेही जास्त दिले! झटका कुणाला आवडत नाही. पण काहीच न घडण्यापेक्षा काहीतरी घडलेलं त्यांना चाललं. तुमच्या चारच्या चिवड्यात हेच आहे. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, कुरकुरीतपणा, तिखट-गोड-आंबट एकदम, तोंडात खोबऱ्याचा काप लागणं: सकाळपासून एका पडद्याकडे बघत बसलेल्या डोक्याला तेवढाच एक बदल.

ऑफिसात जात होतात तेव्हा हे बदल आपोआप मिळत होते. टपरीपर्यंत चालणं, जिन्यात कुणाशी दोन शब्द, बसची वाट बघणं. घरी बसून काम सुरू झालं आणि ते सगळं गेलं. स्वयंपाकघर मात्र दहा पावलांवर आलं. म्हणून 'खाऊ नको' हा उपाय इथे लागू पडत नाही. चार वाजता दुसरं काय घडेल हे आधी ठरवावं लागतं. ते असं हवं की शरीर जागचं हलेल, किंवा हात गुंततील, किंवा माणसाचा आवाज कानावर पडेल. खाली उतरून सोसायटीला एक फेरी. बहिणीला फोन, तोही उभ्याने, गॅलरीत. संध्याकाळची गवार मोडायला घेणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं. एकीने विणकाम पुन्हा काढलं. सुया हातात असताना शेव खाता येत नाही आणि लोकरीला तेलकट बोटं लावायचा जीव होत नाही. फक्त मोबाईल नको. मोबाईलने कंटाळा जात नाही, तो लांबतो, आणि एका हातात मोबाईल असला की दुसरा हात मोकळाच असतो.

ठरवायचंही एका विशिष्ट पद्धतीने. 'चार वाजता कमी खाईन' हा संकल्प टिकत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं की 'अमुक झालं, तर मी तमुक करेन' असं जागा-वेळेसह जोडून ठेवलेलं वाक्य नुसत्या इच्छेपेक्षा खूप जास्त वेळा प्रत्यक्षात येतं. तेव्हा तुमचं वाक्य असं असू दे: 'चारची मीटिंग संपली आणि पाय स्वयंपाकघराकडे वळले, की मी चपला घालून खाली उतरेन.' ते कागदावर लिहा आणि फ्रिजवर नको, लॅपटॉपच्या कडेला चिकटवा. फ्रिजपर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो.

रात्रीचं खाणं मात्र वेगळं आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "अकरा वाजता ओटा पुसून झाला, की तेवढाच वेळ माझा असतो." त्या वेळी तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक करून, अंधारात, डब्यातूनच खाता. या खाण्याला मी हावरटपणा म्हणणार नाही. दिवसभरात तुमच्यासाठी म्हणून घडलेली ती एकच गोष्ट आहे. ती काढून घ्यायला सांगितली तर तुमच्याकडे काय उरेल? आपल्या घरांमध्ये बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, गार झालेलं जेवते, उरलेलं 'वाया जाईल' म्हणून संपवते, आणि तिच्या थकव्याची चौकशी फारशी कुणी करत नाही. मग ती चौकशी डबा करतो. जिथे हे बदलत नाही तिथे आहाराचा कुठलाही तक्ता टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून नवऱ्याशी बोला. वजनाविषयी नको, तासाविषयी बोला. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घर त्यांनी बघायचं आणि तो वेळ तुमचा. तुम्ही भजनाला जा, चालायला जा, दार लावून पडून राहा. हा वेळ रात्री अकराच्या आधी मिळाला तर अकराची ओढ सैल होते.

राग आणि दुःख यांचं काय करायचं? भाचीच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर तुमच्या अंगावरून टोमणा मारला गेला आणि घरी येऊन तुम्ही लाडवांचा डबा संपवलात, हे तुम्ही लिहिलंय. त्या लाडवांनी बरं वाटलं का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारून बघा. पहिल्या दोन-तीन घासांना वाटतं. पुढे नाही. मिनेसोटा विद्यापीठातच, खूप नंतर, हेदर वॅग्नर आणि ट्रेसी मान यांच्या गटाने हे तपासलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. लोकांना मन खट्टू करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा लाडका, मनाला उभारी देणारा पदार्थ दिला, काहींना दुसरं काही खायला दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळात सगळ्यांचीच मनःस्थिती सारखीच सुधारली. ज्यांनी काहीच खाल्लं नाही त्यांचीही. लाट ओसरतेच, आणि श्रेय लाडवाला मिळतं. मोठ्या दुःखाला हे लागू होणार नाही. पण रोजच्या टोमण्या-कटकटींसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यावरूनच एक उपाय येतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी तो रुजवला. इच्छा झाली की तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं लगेच ऐकायचंही नाही. दहा मिनिटं थांबून ती शरीरात कुठे जाणवते ते बघायचं. तोंडाला पाणी सुटतंय, जबडा आवळलाय, छातीत गरम वाटतंय. इच्छा चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा उतरायला लागते. घड्याळ लावा. दहा मिनिटांनंतरही हवंच असेल तर खा, तुम्ही हरलात असं नाही. मात्र ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात त्यांच्यासाठी एक सूचना: थरथर, दरदरून घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर ती साखर कमी झाल्याची खूण असू शकते. तिथे थांबायचं नाही, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं.

त्या दहा मिनिटांत वही उघडा. कॅलरी लिहायच्या नाहीत. आत्ता किती वाजले, त्याआधीच्या तासात काय झालं, कोण काय बोललं, आणि मला खरं तर काय म्हणायचं होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गिळलेलं वाक्य कागदावर आलं, की गिळण्याची दुसरी गरज कमी होते, असं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे. दोन-तीन आठवड्यांनी मागची पानं चाळा. तुमचे वार, तुमच्या वेळा, तुमची माणसं स्पष्ट दिसतील. एकीच्या वहीत दर महिन्याअखेरीचे दिवस भरलेले निघाले; पैशाची ओढाताण त्याच दिवसांत व्हायची. तिला आहाराच्या आधी खर्चाच्या हिशेबाची गरज होती. दुसरीच्या वहीत पाळीच्या आधीचा आठवडा दिसला. त्या दिवसांत भूक खरोखरच वाढते, तेव्हा तेवढे दिवस तिने जेवणच थोडं वाढवलं.

आणि खाल्लं गेलंच तर? ते जाणार आहेच. त्या क्षणी मनात जे येतं ते खाण्यापेक्षा घातक असतं: 'आता बिघडलंच आहे, तर आज सगळं खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा सुरू करू.' १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीमची चव तपासायला सांगितली. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलं होतं. कायम डाएटवर असणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडला गेला होता, मग आता अडवणारं काही उरलं नव्हतं. म्हणून मी 'वर्ज्य' पदार्थांची यादी देत नाही. चिवडा खायचा असेल तर वाटीत काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा, दिवा लावा, बसा, आणि चव घेत खा. नंतरचं जेवण वेळेवर आणि नेहमीएवढंच. रात्री जास्त झालं म्हणून सकाळचा नाश्ता गाळला, की चारची वेळ पुन्हा उपाशी गाठते आणि चक्र तिथूनच फिरायला लागतं. संकष्टीचा उपवास मनापासून करत असाल तर जरूर करा. पण कालच्या खाण्याची शिक्षा म्हणून उपवास नको.

घरातल्या व्यवस्थेचं थोडक्यात सांगते. फरसाण किलोच्या भावात स्वस्त पडतं म्हणून किलोने आणू नका. पाव किलो आणा, संपलं की आणा. पारदर्शक बरणी ओट्यावरून उचला आणि तिच्या जागी फळं, फुटाणे ठेवा. पाकिटबंद पदार्थांबद्दल एक अभ्यास माहीत असावा: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी सारखीच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी पाकिटबंद अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. मुलांच्या पाकिटातलं थांबता येत नाही हा तुमचा एकटीचा अनुभव नाही.

'वाया जाईल' म्हणून खाण्याबद्दल मात्र ठाम राहा. उरलेली पोळी सकाळी फोडणीची होते, भाताला फोडणी पडते, भाजी फ्रिजमध्ये राहते. तुमचं पोट ही उरलं-सुरलं ठेवायची जागा नव्हे. आणि सासूबाई आग्रहाने लाडू पुढे करतात तेव्हा 'नको' म्हटलं की त्यांना लागतं, हे खरं. त्यांच्या पिढीने माया अन्नातूनच दाखवली. 'आई, छान झालेत, उद्या सकाळी दुधाबरोबर खाईन, माझा एक बाजूला ठेवा,' असं म्हणा आणि सकाळी खरोखर खा. दोन-चार वेळा तसं झालं की आग्रह कमी होतो.

झोप विसरू नका. तुम्ही साडेबाराला झोपून पावणेसहाला उठता. शिकागो विद्यापीठातल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं ग्रेलिन हे संप्रेरक (हॉर्मोन) २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ गोड-खारट पदार्थांचीच वाढली. अभ्यास छोटा आहे, पण आई झालेल्या कुणालाही तो पटेल. अकराची ओढ ही कधी कधी नुसती झोपेची हाक असते.

औषधंही तपासून घ्या. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, मधुमेहावरच्या काही गोळ्या यांनी भूक वाढते. डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली असेल, झोप मोडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशीही बोला.

आता एक गंभीर गोष्ट. सवय आणि आजार यांत फरक आहे. थोड्या वेळात, इतर कुणी खाणार नाही एवढं खाल्लं जातं, थांबणं आपल्या हातात राहत नाही, पोट दुखेपर्यंत चालतं, एकटीने लपून होतं, नंतर स्वतःची किळस येते, आणि असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चाललंय, तर त्याला स्वतंत्र आजार मानतात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याची वेगळी नोंद आहे. त्यावर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दोन-दोन दिवस काहीच न खाणं हे असेल तर वाट बघू नका. सतत उदास वाटतं, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर आहारतज्ज्ञांच्या आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं मला वाटत नाही. पण साखरपुड्यानंतरचा लाडवांचा प्रसंग पुन्हा पुन्हा घडत असेल तर मला तसं कळवा.

राहिली मुलगी. बारा वर्षांची आहे, उंची वाढते आहे, तिला खरोखरच जास्त भूक लागते. शाळेतून आल्यावर तिला बिस्किटं न देता पोटभर खायला द्या: पोळीचा लाडू, धिरडं, अंड्याची पोळी, दूध-केळं. मग अभ्यासाला बसताना डबा जवळ नको, आणि दर पाऊण तासाला पाच मिनिटं उठायची मुभा द्या; तिचाही अर्धा प्रश्न कंटाळ्याचा आहे. 'किती खातेस', 'जाड होशील' ही वाक्यं घरात कुणीही उच्चारायची नाहीत, आजीनेसुद्धा. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला, दंडाला नावं ठेवू नका, कारण ती तुमच्याकडे बघून स्वतःकडे बघायला शिकते आहे. चांगले मार्क पडले म्हणून पिझ्झा आणि रडली म्हणून चॉकलेट, हा रिवाज आत्ताच सोडा. ती रडत आली तर आधी जवळ बसवा, काय झालं ते पूर्ण ऐका, आणि मग विचारा की भूक लागली आहे का. ती हो म्हणाली तर दोघी मिळून जेवायला बसा.